काकांची १९९७ ची टाटामोबाईल भंगारात जाऊ द्यायची नाही. आधी काय तपासू?

मेघा_कराड

नमस्कार मंडळी. आमच्या थोरल्या काकांकडे १९९७ ची टाटामोबाईल २०७ आहे. एमएच-११ पासिंग, सिंगल केबिन, मागे हौदा, पिवळी पाटी. सुरुवातीला दुधाचे कॅन वाहिले, मग कारखान्याच्या बाजूला बियाणं आणि खताची पोती. काकांचे गुडघे गेल्यापासून ती गोठ्यामागच्या शेडमध्ये उभी आहे. चुलतभाऊ भंगारवाल्याशी बोलून आलाय, किलोवर भाव ठरलाय.

मला ती हवी आहे. माझी कलमांची छोटी रोपवाटिका आहे, त्यामुळे हौद्याचा उपयोग रोजचा आहे. पण खरं कारण ते नाही. मला ही गाडी आवडते. तिचं चौकोनी तोंड, उंच बॉनेट, दरवाजा लावल्यावर येणारा तो भरीव आवाज. नवीन पिकअप घेऊन माल वाहता येईल, पण मला हीच चालती करून चालवायची आहे, सुट्टीच्या दिवशी कुंभार्ली उतरून चिपळूणला जायचं आहे.

इथला मिस्त्री म्हणतो, इंजिन गेलं असणार, दुसरं टाका. भाऊ म्हणतो, पंधरा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंदच झाल्यात, कशाला पैसे घालतेस. पार्ट मिळत नाहीत असंही ऐकते. आणि मला वाटतंय आधी पत्रा आणि रंग करून घ्यावा, म्हणजे घरातल्यांना पटेल. कुणी ही गाडी सांभाळतंय का? सुरुवात कुठून करू?

उद्यमनगरकर

मेघाताई, भंगारवाल्याला आजच फोन करून नाही म्हणून सांगा. मी कोल्हापुरात १९९५ ची टाटामोबाईल वापरतो. शोभेला ठेवलेली नाही, आठवड्याला चालते, गगनबावड्यापर्यंत चढते. त्यामुळे जे सांगतोय ते हात काळे करून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट, आणि बाकी सगळं विसरलात तरी ही धरून ठेवा: या गाडीचं इंजिन सगळ्यात शेवटी बघायचं. मिस्त्री इंजिनापासून सुरू करतो कारण त्याला ते काम येतं. तुम्ही चॅसिसपासून सुरू करा, मग कागद, मग ब्रेक. कारण साधं आहे. टाटामोबाईल टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, १९८८ मध्ये आणली. तिच्याच पायावर १९९१ ला सिएरा आली, पुढे इस्टेट, आणि १९९४ ला सुमो. हे १९४८ सीसीचं, ६३ हॉर्सपॉवरचं ४८३ डिझेल इंजिन या सगळ्यांत बसलं. सुमो आपल्या भागात किती धावल्या ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून पिस्टन, लायनर, बेअरिंग, हेड गॅस्केट, डिझेल पंपाचं सील किट, क्लच प्लेट, सगळं सुमोचं म्हणून आजही मिळतं. आमच्या उद्यमनगरात ब्लॉक बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, हेड फेस करणं ही रोजची कामं आहेत. पुण्यात नाना पेठेत फिरलात तर पार्ट हातात घेऊन बघता येतील. इंजिन कसंही असलं तरी उभं राहतं. सडलेली चॅसिस उभी राहत नाही, आणि चॅसिस नंबर पुसलेला असेल तर कागदावर गाडीच राहत नाही.

तुम्ही लिहिलंय खताची पोती वाहिली. तिथं मला काळजी आहे. पोतं फाटलं की युरिया, पोटॅश हौद्याच्या फटीतून खाली चॅसिसवर पडतो, ओल धरतो आणि लोखंड आतून खातो. वरून रंग छान दिसतो. तेव्हा हौद्याच्या फळ्या किंवा पत्रा उचकटून खाली बघा. केबिनच्या मागे जिथं हौदा सुरू होतो तो भाग, मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) पुढची आणि मागची हँगर, म्हणजे पाट्याला चॅसिसशी धरणारे कंस, शॅकल (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कड्या) जिथं लटकतात ती जागा, आणि क्रॉस मेंबरचे, म्हणजे चॅसिसच्या आडव्या तुळयांचे, कोपरे. तारेचा ब्रश मारा, लहान हातोडीनं टकटक करा. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. कुठं जुनं वेल्डिंग दिसलं तर फोटो काढून इथं टाका.

चॅसिस नंबर पुढच्या बाजूला पंच केलेला असतो. गंज घासून, थोडं तेल लावून तो आरसी बुकाशी एकेक आकडा जुळवा. हे काम रंगाच्या आधी करायचं, नंतर नाही. एकदा पुट्टी आणि रंग चढला की हे काहीच दिसत नाही. म्हणून रंग आधी करायचा विचार डोक्यातून काढून टाका. घरातल्यांना रंगानं पटवू नका, गाडी चालवून पटवा.

आता उभ्या गाडीचं इंजिन. बॅटरी जोडून सेल्फ मारू नका! या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी वाकून बसलेला रबराचा बेल्ट पहिल्याच फेऱ्यात तुटला तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि धड इंजिनाचं काम निघतं. तेव्हा आधी बेल्ट आणि टेन्शनर नवे. मग चारी हीटर प्लग (गार इंजिन सुरू होताना आतून तापवणारे) काढा, प्रत्येक भोकातून थोडंसं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवा. प्लग काढलेले असल्यामुळे कॉम्प्रेशन लागत नाही, इंजिन धड असेल तर एका हाताला फिरतं. फिरलं तर तुमच्या मिस्त्रीचं म्हणणं तिथंच निकालात निघालं. हीटर प्लग काढलेच आहेत तर मल्टिमीटर लावून बघा. चांगला प्लग साधारण एक ओमच्या आसपास दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. सकाळी गाडी पांढरा धूर टाकत टकटकत सुरू होते ती बहुतेक वेळा या प्लगांमुळे, आणि लोक विनाकारण पंप खोलून बसतात.

टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा. तळाला गाळ आणि पाणी असणारच. टाकी उतरवून धुवा, फिल्टर नवा, मगच लाईन भरा आणि हवा काढा. ऑइल आणि कूलंट बदला. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालायची सवय आपल्याकडे फार, त्यानं हेडमधली वाट क्षारांनी बुजते.

एक विनंती. हाऊसिंग उघडून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आहे का बघा. आपल्याकडे गाडी तापली की पहिला उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. मला याचा मनापासून राग येतो. डिझेल इंजिन गार चाललं की डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो, ऑइल खराब होतं, लायनर झिजतात, आणि तापण्याचं मूळ कारण म्हणजे बुजलेला रेडिएटर तसाच राहतो. रेडिएटरचा कोर स्वच्छ करून घ्या आणि थर्मोस्टॅट परत बसवा.

ब्रेकचं सांगतो. पेडलला जोर देणाऱ्या ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम या गाडीत अल्टरनेटरच्या मागे बसवलेल्या पंपातून येतो. चाचणी सोपी आहे: इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पाय किंचित खाली गेला तर बूस्टर आणि पंप ठीक. नाही गेला तर घाटात जायचं नाही. ब्रेकचे रबरी पाईप, व्हील सिलिंडरचे वॉशर आणि फ्लुइड हे सगळं न विचारता नवं घालायचं. फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं, इतकी वर्षं उभी गाडी म्हणजे आत गंज धरलेलाच.

टायरची नक्षी बघू नका, तारीख बघा. कडेला चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी तसले टायर काढून टाका.

सापडायला खरं अवघड ते पत्र्याचं आणि काचेचं सामान. दिवे, पुढच्या काचेचं रबर, दरवाजाचं बिडिंग, फाळक्याच्या कड्या, आतली हँडल. भंगारात कुठं टाटामोबाईल किंवा सिएरा दिसली तर आधी याच गोष्टी बघा. तुमच्या गाडीतलं यातलं काहीही फेकू नका, तुटकं असलं तरी. तुटक्यावरून नवं करता येतं.

बंदीचं: दहा वर्षांवरच्या डिझेलचा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआरचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी रद्द झाली ती सरकारी गाड्यांची. तुमच्या काकांच्या गाडीला महाराष्ट्रात वय म्हणून बंदी नाही, फिटनेस पास व्हावी लागते. पिवळ्या पाटीला आठ वर्षांनंतर तो दरवर्षी घ्यावा लागतो. पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाड्यांची फी अलीकडे बरीच वाढली आहे, तेव्हा चालू आकडा पोर्टलवरच बघा.

दादर_चिपळूण

उद्यमनगरकरांच्या प्रत्येक शब्दाला माझं अनुमोदन. मी कुंभार्लीच्या खालच्या अंगाचा, त्यामुळे दोन गोष्टी आमच्याकडच्या.

ताई, पुढे कधी कोकणातून पार्टसाठी दुसरी टाटामोबाईल घेणार असाल तर मासळी वाहिलेली घेऊ नका, स्वस्तात मिळाली तरी. बर्फाचं खारं पाणी वर्षभर चॅसिसवर गळतं, दरवाजाच्या खालच्या कडा तर हाताने तुटतात. आणि तुमची गाडी पावसाळ्यात इकडे आणलीत तर परत गेल्यावर खालून साध्या पाण्याने धुवा. दरवाजाच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. काडी घालून मोकळी ठेवा, दरवाजा सडणं निम्मं तिथेच थांबतं.

घाटाचं म्हणाल तर ६३ हॉर्सपॉवरला टर्बो नाही. चढताना मागच्यांना साइड द्या आणि तिला तिच्या चालीने चढू द्या. उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. पोफळीला पोचाल तेव्हा ड्रमला वास येत असेल तर तुम्ही गिअर चुकीचा धरलात.

लीड्सचा_सातारकर

मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडमध्ये. तुमच्या गाडीची भावंडं इथे टाटा लोडबीटा नावानं विकली गेली होती. आता दिसणं दुर्मीळ, कारण थंडीत रस्त्यावर टाकतात ते मीठ. माझ्याकडे १९९६ ची हायलक्स आहे, आणि दर वर्षी एमओटी तपासणीला जाताना माझा जीव चॅसिसवरच असतो, इंजिनावर नाही.

इथल्या तपासणीतली एक पद्धत तुमच्या कामाची आहे. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट जिथं बोल्टनं जोडलेले असतात, त्या प्रत्येक जागेपासून ३० सेंटीमीटरच्या आत गंजानं ताकद गेलेली असेल तर गाडी नापास. त्याच्या बाहेरच्या गंजाकडे इतकं कडक बघत नाहीत. तुम्ही खडू घेऊन हँगर, शॉकअप, स्टिअरिंग बॉक्स, सगळ्यांभोवती तेवढं वर्तुळ काढा आणि त्याच्या आत इंच इंच ठोकून बघा. हौद्याला भोक पडलं तर पत्रा मारता येतो. हँगरपाशी भोक पडलं तर तो वेगळा विषय.

दुसरं, चॅसिसवर डांबरासारखा जाड काळा थर फासू नका. तो सुकून तडकतो, तडीतून पाणी शिरतं आणि आतल्या आत सडतं, वरून कळत नाही. मी तेलकट, मेणासारखं राहणारं कोटिंग वापरतो आणि दर वर्षी पुन्हा मारतो. हात लावला तर काळे होतात, पण गंज उघडा दिसतो.

मेघा_कराड

सगळ्यांचे खूप आभार. भंगारवाल्याला नाही सांगितलं. चुलतभाऊ आधी नाराज होता, पण हातोडी घेऊन खाली शिरायला तोच पहिला.

जे दिसलं ते लिहिते. चॅसिस नंबर घासल्यावर स्पष्ट वाचता आला, आरसीशी जुळतो. पुढची बाजू खणखणीत. हौद्याचा पत्रा डाव्या कोपऱ्यात पूर्ण गेलाय. डाव्या मागच्या पाट्याचं पुढचं हँगर, तिथं चॅसिसच्या उभ्या बाजूवर पापुद्रे निघतात आणि एका जागी स्क्रू ड्रायव्हर आत गेला. खडूच्या वर्तुळाच्या आतच आहे. उजवीकडचं ठीक. जुनं वेल्डिंग कुठे नाही.

बेल्टचं तुम्ही सांगितलं तसं केलं, नवा बसवला. तेल सोडून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी भावानं पाना लावला. इंजिन फिरलं! काका शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले, "मी सांगत होतो, माझं इंजिन बसणार नाही."

विचारायचं आहे ते असं. हँगरपाशी वेल्डिंगवाला म्हणतो एक जाड पट्टी उभी मारून देतो, अर्ध्या तासाचं काम. चालेल का? दुसरं, मिस्त्री म्हणतो आताचं डिझेल कोरडं आहे, जुना पंप खराब होईल, टाकीत दरवेळी टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल घाल. खरं आहे का? आणि फिटनेस, विमा दोन्ही संपलेत, आरसी काकांच्या नावावर आहे.

उद्यमनगरकर

काकांना माझा नमस्कार सांगा. इंजिन फिरलं याचा मला इथं बसून आनंद झाला.

अर्ध्या तासाची उभी पट्टी नको. पट्टीचं टोक चॅसिसवर सरळ उभं वेल्ड केलं की सगळा ताण त्या एका रेषेत येतो आणि लोड घेऊन खड्ड्यात आदळली की चॅसिस बरोबर त्याच रेषेत चिरते. मी अशा चिरलेल्या चॅसिस बघितल्या आहेत. नीट काम असं: पाटा सोडून हँगर पूर्ण काढा, डिझेल टाकी उतरवा, बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा. पापुद्रे कापून पांढरं लोखंड लागेपर्यंत ग्राइंड करा. सडलेला तुकडा तेवढ्याच जाडीच्या प्लेटनं बदला, आणि वरून लावायची प्लेट टोकाला चौकोनी न ठेवता दोन्हीकडे निमुळती कापा, म्हणजे ताण एका रेषेत न येता पसरतो. चॅसिसच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आडवं वेल्डिंग करायचं नाही. हँगर परत बसवताना कंपनीनं जिथं रिव्हेट दिले तिथं हाय टेन्साइल बोल्ट येतात, साधे बोल्ट नाहीत. हे ट्रकच्या चॅसिसचं काम करणाऱ्याकडूनच करून घ्या. ग्रिल-गेटवाल्याकडून नको, तो कितीही ओळखीचा असो. कऱ्हाडात मालट्रकची गॅरेज भरपूर आहेत, तिथं विचारा.

पाटा निघालेलाच आहे तर बुश, शॅकल पिना आणि यू-बोल्ट नवे घाला. यू-बोल्ट एकदा ताणला गेला की पुन्हा आवळून भरवशाचा राहत नाही. डावा पाटा बसलेला असेल तर दोन्ही पाट्यांना एकदमच कमान मारून घ्या. एकट्या डाव्याला मारली तर गाडी तिरकी उभी राहील.

टू-टीचं: १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे, त्यात गंधक १० पीपीएमपेक्षा जास्त नसतं. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो हे बरोबर आहे, पण रिफायनरी तो परत घालते. मानकातच त्याची मर्यादा आहे, चाचणीत झिजेचा ठसा ४६० मायक्रॉनच्या वर जाता कामा नये. तेव्हा पंप डिझेल कोरडं असल्यामुळे मरत नाही. पंपाची जुनी रबरी सीलं कडक होऊन आखडलेली असतात, तिथून डिझेल गळतं किंवा हवा शिरते आणि गाडी सकाळी सुरू होत नाही. रोटरी पंपाचं सील किट एकदा चांगल्या पंपवाल्याकडे टाकून, टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन करून घ्या. टू-टीचे पैसे त्यात जाऊ देत.

कागदांत पहिली गोष्ट नावावर करणं. काका समोर बसून सही करतायत तोवर फॉर्म २९ आणि ३० भरून घ्या. माणूस गेल्यानंतर फॉर्म ३१, वारसांचे दाखले, सगळ्यांच्या संमती, हा फेरा फार दमवतो. सोबत विमाही काढा, नाव बदलायच्या अर्जाला तो लागतो. विमा आणि फिटनेस होईपर्यंत गाडी रस्त्यावर स्वतःच्या चाकांवर नेऊ नका, गॅरेजला नेतानाही टोचन करून न्या. परमिटची चिंता नको, एकूण वजन ३००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही. तुमच्या आरसीवर एकूण वजन लिहिलेलं आहे, ते एकदा बघून घ्या. 

आणि एक गोष्ट मागितली नसताना सांगतो. गाडी चालती झाली की लोक मोठे टायर, उंच पाटे, दुसरं टर्बो इंजिन सुचवतील. करू नका. तिचा क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्स ६३ हॉर्सपॉवरला आणि त्या टायरला मापून केलेले आहेत, एक बदललं की बाकीचे एकेक करून हात टेकतात. मूळ अवस्थेतली टाटामोबाईल आता फार थोड्या लोकांकडे आहे. तुमची आहे तशीच राहिली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पासिंगला नेण्याआधी हँडब्रेक, हॉर्न, वायपर, चारी इंडिकेटर, हौद्यामागचे रिफ्लेक्टर आणि हेडलाइटचा फोकस तपासा. इंजिन चांगलं गरम करून न्या, गार इंजिनाचा धूर जास्त येतो. हँगरचं काम सुरू झालं की कापलेल्या भागाचा फोटो वेल्डिंगच्या आधी इथं टाका, प्लेट कुठवर न्यायची ते बघून सांगतो.